मामांच्या खुर्च्या आणि सभागृहातलं माझं उभं राहणं

तीर्थरूप मामांच्या पायांशी तुमच्या तोंडाळ भाचीचा वाकून नमस्कार. (वाकले ती वाकलेच. कंबर अजून धरलेली आहे. का, ते पुढे येईल.)

खोकला कसा आहे? मामी म्हणत होती की तुम्ही औषध घेतो म्हणून सांगता, बाल्कनीत जाता आणि कुंडीत ओतता, आणि मरायला टेकलेल्या त्या झाडाला आता चांगली पालवी फुटली आहे. मामा, झाडाला खोकला नव्हता. तुम्ही घ्या ते औषध. दुकान जोरात आहे ना? मागे रेललं की पाय आपोआप वर उचलणाऱ्या नव्या आरामखुर्च्या आल्या म्हणे. मी इकडे ठणठणीत आहे. फक्त पोटऱ्यांत गोळे येतात, टाचा बोंब मारतात आणि पक्षातल्या लोकांनी माझं नाव ‘खांब’ ठेवलं आहे. बाकी झकास.

हाडांच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून मी निवडणुकीला उभी राहिले तेव्हा सगळे म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. तुम्ही एकटे म्हणालात, फिरलंय तर फिरू दे, पण निवडून ये, दुकानात फोटो लावतो. (लावलात, आभारी आहे. कपाटाच्या आरशाशेजारी लावल्यामुळे गिऱ्हाईकं कपाटाबरोबर फोटोही मिळतो का विचारतात, असं मामीकडून कळलं.) पण मी निवडून यायची धडपड केली ती एकाच कामासाठी. दवाखान्यात बायका यायच्या, पाय भोपळ्यासारखे सुजलेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं. काय काम करता विचारलं की उत्तर ठरलेलं, दुकानात असते. कुणी कापडाच्या, कुणी भांड्यांच्या, कुणी औषधांच्या. सकाळी शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत उभ्या. बसलं तर गिऱ्हाईकाचा अपमान होतो, असं मालकांचं म्हणणं. (तुमच्या दुकानाबद्दल मी काही म्हणत नाहीये, मामा. तुम्ही पुढे वाचा.) तुमच्या दुकानातल्या थोरल्या बाईसुद्धा आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, उभ्याचं काम बंद करा, नाहीतर या पायाची मी खात्री देणार नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग घरी नवरा अंथरुणाला खिळलाय त्याला जेवायला तुम्ही घालणार का? अहो मामा, ही बाई माझ्या जन्माच्या आधीपासून दिवसभर खुर्च्यांच्या गराड्यात असते, ही किती मऊ, ती पाठीला कशी, हे लोकांना पटवून देते, आणि स्वतः एकीवरही कधी टेकलेली नाही! मी ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन रडले, खरंच सांगते. तेव्हा माझं मागणं एवढंच, की दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकीला बसायला जागा हवी आणि गिऱ्हाईक नसताना बसायची मुभा हवी, असा देशभर नियम व्हावा. नियम झाला तर थोरल्या बाईंची नोकरीही राहते आणि पायही राहतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं तर मागणं, जाऊन सांगून टाकायचं. मामा, संसद म्हणजे तुमच्या दुकानाचा काउंटर नव्हे. तिथं बोलायला मिळावं म्हणून सोडत निघते, आणि नाव निघालं तर हातात मिनिटं पडतात तीन. माझं नाव निघालं. मी नवी, त्यात घरचं वळण चांगलं (हे तुमच्याकडून आलेलं), म्हणून अध्यक्ष महोदयांचे आभार मानले, मतदारांचे मानले, पक्षाचे मानले, समोरच्या बाकांवरच्या विरोधकांचेही मानले, कारण ते बिचारे शांत बसले होते. मग म्हणाले, दुकानात काम करणाऱ्या बायकांना बसायला... आणि माइक बंद! वेळ संपला. संसदेच्या अधिकृत नोंदीत माझं पहिलं भाषण असं आहे, की सगळ्यांचे आभार आणि दुकानातल्या बायकांना बसायला. पुढे काही नाही. माझ्या शेजारच्या बाकावर एक फार जुने सदस्य बसतात, आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांनी डोळे न उघडताच मला धीर दिला, की बाळ, माझं पहिलं भाषण तर आभारांतच संपलं होतं.

मला असा काही राग आला म्हणता! पुढची सोडत कधी निघेल कोण जाणे. म्हणून मी ठरवलं, आता बोलायचंच नाही. त्या बायका जशा दिवसभर उभ्या असतात, तशी मी सभागृहात उभी राहणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तोंडातून चकार शब्द न काढता. लोक विचारतील, बाई उभ्या का, आणि प्रश्न आपोआप देशापुढे येईल. कल्पना चांगली होती, नाही म्हणू नका. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आमच्या सभागृहात जो उभा राहतो त्याला बोलायचं असतं. उभं राहणं म्हणजेच हात वर करणं. आणि अध्यक्ष स्वतः उठून उभे राहिले की बाकी सगळ्यांनी मुकाट खाली बसायचं, हा तिथला सगळ्यात कडक नियम. म्हणजे बघा, मी उभी राहिले की अध्यक्ष म्हणायचे, बोला. मी मान हलवून नाही म्हणायची. मग ते मला समजवायला उठायचे, की मी बसायची. ते बसायचे, की मी उठायची. ते पुन्हा उठायचे. सकाळभर आम्ही दोघं असे वरखाली होत होतो. अध्यक्षांचे गुडघे तुमच्याच वयाचे आहेत हो. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि ठरवून टाकलं, की या बाईंना प्रत्येक विषयावर बोलायचं आहे.

झालं! मधमाशीपालनावर माझं नाव पुकारलं. टपाल तिकिटांवर पुकारलं. न बोलता उभी राहिले तर सभागृहाचा अवमान होईल, असं आजोबा (डोळे मिटूनच) पुटपुटले, तेव्हा बोलणं भाग पडलं. मग मीही कंबर कसली. मधमाशांवर म्हणाले की माशीसुद्धा फुलावर बसते. तिकिटांवर म्हणाले की टपालाच्या खिडकीमागच्या माणसाला खुर्ची आहे म्हणून तिकीट सरळ चिकटतं. दुपारी जेवणानंतर दीपगृहांचं विधेयक आलं. समुद्रावरच्या दिव्यांचं, मामा! मी आयुष्यात एकदाच समुद्र पाहिलाय, तोही उलटी करत. तरी उभी होते, म्हणून बोलले, की दिवा सांभाळणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची असावी, अशी दुरुस्ती मी सुचवते. जहाजमंत्र्यांना चहाची तल्लफ आली होती. ते म्हणाले, मान्य. हो-नाही विचारलं गेलं, सगळे झोपेत हो म्हणाले आणि दुरुस्ती मंजूर झाली. देशातल्या दीपगृहांच्या रखवालदारांना आता कायद्यानं खुर्ची मिळाली आहे. त्यांच्यातल्या एकानं मला आभाराचा निरोप पाठवला आणि खाली लिहिलं, की खुर्ची आमच्याकडे पहिल्यापासून होतीच.

पण त्यामुळे सभागृहाला जाग आली. कुणीतरी मागून ओरडलं, दिव्याला खुर्ची, मग बाईला का नाही? कामगारमंत्री उठले. हे गृहस्थ गोल, मऊ, गोड बोलणारे. ते कधी कुणाला नाही म्हणत नाहीत, विचार चालू आहे म्हणतात. मऊ आवाजात म्हणाले, की बाईंची तळमळ पोचली, पण व्यवहार पाहायला हवा. कुठला मालक असं होऊ देईल? सन्माननीय सदस्यांनी सबंध देशातलं एक दुकान दाखवावं, जिथे काम करणाऱ्या बायका गिऱ्हाईक नसताना बसतात आणि तरीही धंदा नीट चालतो. तसं दुकान असेल तर मी याच अधिवेशनात नियम आणतो. नसेल, तर हा विषय इथेच थांबवू या. आणि मजेत खाली बसले. मामा, माझे पाय तेव्हा लाकडाचे झाले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि डोळ्यांपुढे थोरल्या बाईंचा तो पायही येत होता. मी काहीतरी उत्तर दिलं. बाकं दणाणली. आजोबांनी चक्क डोळे उघडले.

असो. मी काय उत्तर दिलं हे काही फार महत्त्वाचं नाही. पत्र लांबलं. मामीला नमस्कार, बच्चेकंपनीला एकेक पापा आणि तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार, या वेळी उभ्यानंच.

तुमची लाडकी (अजून आहे ना?)
भाची

ता. क. उत्तर असं दिलं, की माझ्या मामांचं दुकान. पत्त्यासकट सांगितलं. शिवाय ओघात असंही निघून गेलं, की तिथं मालक स्वतः खुर्ची पुढे सरकवतात आणि म्हणतात, बसा बाई, दमला असाल. हे सगळं आता संसदेच्या नोंदीत गेलं आहे, मामा. तुम्ही देशातले एकमेव दयाळू मालक आहात आणि ते खोडता येत नाही. खोटं निघालं तर माझ्यावर हक्कभंग येईल, त्याचं मी बघून घेईन. पण मंत्री विषय थांबवतील, तो मग माझ्या हयातीत पुन्हा निघायचा नाही.

आणखी एक. मंत्र्यांची समिती पुढच्या गुरुवारी दुकान पाहायला येते आहे. तुम्हाला विकत काहीच आणायचं नाही, दुकानात पाय ठेवायला जागा नाही इतक्या खुर्च्या आहेत. फक्त त्यातल्या चारपाचांवरचं प्लास्टिक काढा. आणि हे गुरुवारी करू नका, आजच करा. जी बाई इतकी वर्षं उभी राहिली, ती पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसते, चोरी केल्यासारखी, आणि दार वाजलं की टुणकन उठते. समितीला ते एका नजरेत कळेल. नीट पाठ टेकून बसायची सवय लागायला थोडे दिवस द्यावे लागतात. तुमचा खप कमी झाला तर मला हवं ते बोला. खरं तर वाढेल, कारण निदान एक माणूस तरी त्या खुर्चीबद्दल ऐकीव माहिती सांगणार नाही.

शेवटचं, आणि हे मामांसाठी नाही. थोरल्या बाई, भाची संसदेत आहे हे गिऱ्हाईकांना कळावं म्हणून मामा माझं प्रत्येक पत्र भर दुकानात तुमच्याकडून मोठ्यानं वाचून घेतात, हे मला माहीत आहे. म्हणून तर फोन केला नाही. तुमच्या पायाचं तुम्हालाच वाचायला लावलं, रागावू नका. आत्ता दुकानातले सगळे तुमच्याकडे बघत असतील. मामा तर नक्कीच बघताहेत, आणि चारचौघांत ते नाही म्हणायचे नाहीत, मी ओळखते त्यांना. एवढं लांबलचक पत्र तुम्ही उभ्यानं वाचलंत. आता ते खाली ठेवा, हाताशी जी खुर्ची असेल ती ओढा आणि बसा.