मुलींचा संघ कुणी बंद केला

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या रविवारी आपल्या मंडळाच्या मैदानावर तुमच्या नावाची कमान उभी राहिली. जो तो उठून तुम्हाला सोलापुरातल्या मुलींच्या खो-खोचा आधारवड म्हणत होता. मी मंचावरच होते, मुलींच्या संघाची पहिली कर्णधार म्हणून. शेजारच्या खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष बसले होते. म्हणजे तोच, तेव्हाचा मुलांच्या संघाचा कर्णधार. तुमचा लाडका.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. वडील नुकतेच नवी पेठेतल्या दुकानातून जेवायला आलेले. तुम्हालाही पाट मांडला. पोरीच्या जातीनं चारचौघांत चड्डी घालून पळायचं हे वडिलांना अजिबात पटत नव्हतं, आणि तुम्ही वाद न घालता शेंगाचटणीशी भाकरी खात बसलात. मग म्हणालात, "पोरगी लई चपळ हाय. माझ्याकडं द्या. तिची जबाबदारी माझी." आणि चुलीपाशी बसलेल्या आईला कानडीत म्हणालात, "नम्म हुडुगी, अक्का." आमचीच पोर. परक्या माणसासमोर कधी तोंड न उघडणारी आई चक्क हसली आणि तुमच्या ताटात आणखी एक भाकरी पडली. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर.

तुम्ही मुलांना आणि मुलींना वेगळं वागवलं नाहीत, हे मला आजही नाकारता येत नाही. मैदानावर पाणी मारायची पाळी सगळ्यांना होती, शिव्याही सगळ्यांना होत्या. खांबाजवळ सूर मारताना माझे दोन्ही गुडघे सोलून निघाले आणि मी रडायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "रडायचं असंल तर घरी जा की. हितं खेळायचं." मी रडायची थांबले. त्याच आठवड्यात तुम्ही मला पायात घालायचे बूट आणून दिलेत, आयुष्यातले पहिले. अक्कलकोटच्या सामन्यात मी आणि माझ्या मैत्रिणीनं मिळून समोरचा अख्खा संघ दमवला, तेव्हा तुम्ही रेषेबाहेर उभे राहून नुसती मान हलवत होतात. तुमची ती मान हलावी म्हणून आम्ही जीव टाकायचो.

मग ती संध्याकाळ. मैत्रीण रेषा आखायची चुन्याची फक्की आणायला सामानाच्या खोलीत गेली आणि तुमचा कर्णधार तिच्यामागून आत शिरला. त्यानं आतून कडी लावली. तिचा आवाज ऐकून मी धावले, दाराला धडका देत राहिले. जुनी कडी, निघाली एकदाची. ती बाहेर आली तेव्हा तिची बाही फाटलेली होती आणि अंगभर पांढरी फक्की होती. आम्ही दोघी सरळ तुमच्याकडे आलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. कुणी बघितलं, असं विचारलंत. मी म्हटलं, मी बघितलं. तुम्ही मैदानाकडे वळलात. मग म्हणालात, "विभागीय सामने तोंडावर आलेत. घरी काही बोलू नका. मी बघतो."

आम्ही बोललो नाही. तुमचा शब्द होता तो.

तुम्ही काय बघितलंत ते सांगते. मुलांचा संघ विभागीयला गेला, जिंकून आला, कर्णधाराला हार पडले. पुढे खेळाच्या जोरावर त्याला पोलिसात नोकरीही लागली. आणि जिंकून आल्यावर तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात परत आलात. या वेळी जेवला नाहीत. वडिलांना म्हणालात, "दिवस चांगले न्हाईत. पोरींची जबाबदारी आता मला झेपत न्हाय. घरात ठिवा." मुलींचा संघ बंद झाला, असा. आमच्याच हातून काहीतरी वेडंवाकडं घडलंय असं घरोघरी समजलं. मी वडिलांना खरं काय ते सांगायला गेले. ते म्हणाले, "अण्णा उगं बोलणार न्हाईत." मैत्रिणीची तर शाळाच सुटली. त्याच उन्हाळ्यात तिला होटगीला देऊन टाकलं.

कमानीचं आमंत्रण आलं तेव्हा मी तिला फोन केला.  ती म्हणाली, "तू जा. माझं नाव घिऊ नको. पर खोटं बी बोलू नको."

मी माइकसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मुलींचा संघ अण्णांनी काढला, हे खरं आहे. तो बंदही त्यांनीच केला. खेळायला मुली नव्हत्या म्हणून नाही. एका मुलीनं एका मुलाची तक्रार केली म्हणून. तो मुलगा खेळत राहिला. मुली घरी गेल्या." मग मी अध्यक्षांकडे बघितलं, सगळ्यांना दिसेल इतका वेळ. ते खांद्यावरची शाल नीट करत होते. थोड्या टाळ्या पडल्या, सवयीच्या. निवेदकानं बक्षिसांची नावं वाचायला घेतली.

खाली उतरल्यावर अध्यक्ष माझ्याजवळ आले. म्हणाले, "ताई, एवढ्या वर्षांनी कशाला? अण्णांना वाईट वाटलं असतं." मी म्हटलं, "तेव्हाच वाटायला पाहिजे होतं."

त्या रात्री मैत्रिणीनं फोनवर एवढंच विचारलं, त्यानं मान खाली घातली का. मी नाही म्हटलं. तिनं विचारलं, "तितं जेवलीस का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "बरं केलंस."

अण्णा, तुम्ही वाईट माणूस असता तर मी तुम्हाला कधीच विसरून गेले असते. तुम्ही चांगले होतात, आणि त्या संध्याकाळी तुम्हाला एक चषक आमच्यापेक्षा मोठा वाटला. हे मला कुठेही ठेवता येत नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर जाणार नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. लोक म्हणतात, मी त्या दिवशी फार धीटपणे बोलले. तसं काही नव्हतं. बोलायच्या आधी मी पहिली रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतली. तुम्ही तिथे बसलेले नाही, याची खात्री झाली, मगच तोंड उघडलं.