लहान दिसली ती रांग

आई, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात माझी मैत्रीण पडून आहे. फाळणीत आलेल्यांच्या कॅम्पातली. जिला तू शेवटपर्यंत 'ती सिंधीण'च म्हणालीस, ती. तिच्या उशाशी बसून मी लिहिते आहे.

औषधाचा कारखाना नवा होता तेव्हा. फाटकाशी बायकांच्या दोन रांगा. कुठली कशाची, मला ठाऊक नव्हतं. लहान दिसली तिच्यात उभी राहिले. ती निघाली बाटल्या भरायच्या खोलीची. काच औषधात जाऊ नये म्हणून तिथे बांगड्यांना बंदी. माझं नवं लग्न, मी नळापाशी रडत उभी. पुढची बाई वळली. "बांगडी परत येते, पगली. नौकरी येत नाही. हात दे." साबण लावून तिने माझा हिरवा चुडा उतरवला, एकही बांगडी फुटू दिली नाही. मग आपला हात पुढे केला. "आता माझ्या. हळू हं, कराचीच्या आहेत!"

संध्याकाळी माझ्या परत चढवायच्या राहून गेल्या. तू भाकरी थापत होतीस. "सवाशिणीचं हात मोकळं? नवरा जित्ता हाय न्हवं?" तव्यावर भाकरी करपते आहे आणि तू माझ्या मनगटांकडे बघते आहेस.

काही वर्षांनी हे ट्रकखाली गेले. दिवस व्हायच्या आतच तू म्हणालीस, "तूच उतरवल्यास. आपल्या हातानं." ती माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "माई, माझे पण हात मोकळे होते. माझा माणूस घरी बसून भांडतो आहे. मग?" तू उठून चूल फुंकायला लागलीस. बोललेलं मागे घेतलं नाहीस.

पुढे तिच्या बाळंतपणांना मी, माझ्या दुखण्यांना ती. मी आपलं आपण वाचायला शिकले, पुष्कळ वाचलं. तुझं ते वाक्य कुठल्या पुस्तकाने पुसलं नाही.

आज सकाळी तिने विचारलं, "दुसऱ्या रांगेत गेली असतीस तर?"

"तर पॅकिंगला बसले असते, बांगड्या वाजवत."

ती हसली, आणि खोकल्याने कासावीस झाली. डॉक्टर हल्ली माझ्याकडे न बघता बोलतात.

तिला सांगितलं नाही, की तो प्रश्न मी रोजच स्वतःला विचारते. त्या रांगेत हे वाचले असते का? असते, तर ही नसती. दोघांतून एक उचलायला हात होत नाही.

हे पत्र आता कुठे धाडणार? तू गेलीस तेव्हा मी रडले होते, आई. पण अशी घाबरले नव्हते.