डाव्या नाकपुडीतला चहा

प्रिय अबोली,

‘प्रिय’ लिहिण्याआधी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. ‘आदरणीय’ लिहिलं असतं तर तुम्ही शाळेच्या मुख्याध्यापिका वाटला असता, आणि ‘चि. सौ. कां.’ लिहायला अजून पत्रिका छापलेली नाही. मी पाट्या रंगवणारा माणूस. एकदा रंग लागला की पुसताना डाग राहतोच, म्हणून पहिलं अक्षर काढायला मला नेहमी उशीर होतो. मी कन्हेरीचा शंभूराज. मागच्या महिन्यात तुम्हाला बघायला भवानीनगरला आलो होतो. तुम्ही ‘मला ट्रॅक्टर दुरुस्तीचं स्वतःचं गॅरेज काढायचंय’ असं म्हणालात आणि त्याच क्षणी माझ्या तोंडातला चहा नाकातून बाहेर आला. तुम्हाला वाटलं, मी हसलो. मी हसलो नव्हतो. खरं तर एवढंच सांगायचं आहे, पण एका ओळीवर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझाही बसला नसता. म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

उसाचा हंगाम लागला की माझ्या शेडपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. मागच्या फळीवर मालकाचं नाव, खाली मुलांची नावं, कडेला दोन मोर. यंदा ऐन कामाच्या गर्दीत मला घाण वास यायला लागला. कुजक्या बटाट्यासारखा. आधी मी रंगावर संशय घेतला आणि डबा घेऊन बारामतीला अकबरभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी झाकण उघडून हुंगलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “शंभू, डबा झकास हाय. तू तुझं नाक दाखव कुणाला तरी.” माझा विश्वास बसला नाही. शेडमध्ये उंदीर मेला असणार म्हणून सगळं सामान बाहेर काढलं. उंदीर नव्हताच. आई म्हणाली, “आमाला कुणाला येत न्हाय वास. तुलाच कसा येतो?” तेव्हापासून मी स्वतःचे शर्ट हुंगायला लागलो. माणूस स्वतःवर संशय घ्यायला लागला की त्याला काही सुचत नाही. त्यात डावा गाल जड झालेला. ट्रॉलीची खालची ओळ रंगवायला वाकलं की गालात कुणी रंगाचा डबा हिंदकळवतोय असं वाटायचं. यंदाच्या माझ्या सगळ्या ट्रॉल्यांवर वरचं नाव सरळ आहे आणि खालची मुलं तिरकी गेली आहेत. रस्त्यात दिसली तर समजून घ्या.

शेवटी इंदापूरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो काढला आणि उजेडावर धरून दाखवला. गालाच्या हाडात नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. सगळ्यांनाच असते, तुम्हालाही आहे, घाबरू नका. ती एखाद्या खोलीसारखी असते आणि तिची छोटी खिडकी नाकात उघडते. वरच्या दाढांची मुळं या खोलीच्या फरशीला खालून टेकलेली असतात. माझी डावी दाढ किडली होती, तिच्या मुळाशी पू झाला आणि तो फरशी फोडून खोलीत भरला. म्हणून वास, म्हणून जडपणा. वास बाहेर कुठेच नव्हता, माझ्या गालातच होता. म्हणूनच तो दुसऱ्या कुणाला येत नव्हता. अकबरभाईंचा डबा चांगला होता, हे मी त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “मला ठाऊक होतं की.”

दाढ काढली. ती निघाली आणि तिच्या जागी, फरशीतून थेट त्या खोलीत, एक भोक राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. लहान असेल तर आपोआप बुजेल. तोवर नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. मी सगळं पाळलं. पण घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतला आणि तो डाव्या नाकपुडीतून शर्टावर आला. मला वाटलं, आता आपण जगत नाही. आमचे बाबा, महिपती, यांना मात्र फार नवल वाटलं. “पुन्यांदा पी बरं,” म्हणाले. मी प्यायलो. पुन्हा आला. मग शेजारपाजार गोळा झाला. कुशाबाई दूध घालायला आल्या होत्या, त्या किटली तशीच धरून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी एक जण आल्याचा चहा घेऊन आला, तोही येतो का बघायला. तोही येतो. आलं फार झोंबतं.

अशा अवस्थेत तुमच्या घरी यायचं ठरलं. मी म्हणालो, भोक बुजेपर्यंत थांबू. आपलं जमवणारे म्हस्कूतात्या म्हणाले, “तवर पोरगी थांबंल व्हय?” मग मी घरी सराव केला. मान उजवीकडे झुकवून, घोट उजव्या गालात धरून, सावकाश प्यायलं तर चहा खाली जातो. तुमच्या ओट्यावर मी मान वाकडी करून बसलो होतो ते त्यासाठी. तुमच्या आजी, तानूबाई, यांनी हळूच विचारलंही, “मान जन्मापासून अशीच हाय का?” मी ऐकलं, पण मान सरळ करणं परवडणारं नव्हतं.

मग तुम्ही आलात. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पुढं काय करायचा विचार हाय? आणि तुम्ही खाली न बघता गॅरेजचं सांगितलंत. आयटीआयमध्ये तुम्ही इंजिन उघडून पुन्हा बसवलंत, आणि पाटीवर स्वतःचं नाव असेल, हेसुद्धा. अबोली, मी आयुष्यात इतक्या पाट्या रंगवल्या, पण गॅरेजच्या पाटीवर बाईचं नाव कधी रंगवलं नाही. ते कसं दिसेल ते बघायला मी मान वर केली. मान सरळ झाली आणि चहा आला.

मी सांगणारच होतो. पण बाबांनी माझ्या मांडीला चिमटा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरगं लई हसरं हाय आमचं!” तुमचा चेहरा तेव्हा मी पाहिला. तुम्ही कप उचलून आत गेलात ते पुन्हा बाहेर आलाच नाहीत. फक्त तानूबाई माझ्याकडे टक लावून बसल्या आणि म्हणाल्या, “पण डाव्याच नाकानं कसा हसतोय ह्यो?” सगळ्या बैठकीत खरं पाहिलं ते त्यांनीच. परत येताना मी बाबांशी भांडलो. ते म्हणाले, “रोगी पोराला कोण पोरगी देतंय? हसऱ्याला देत्यात. भोकाचं काय ते लगीन झाल्यावर सांगू.” मला शिक्षण फार नाही, नववीनंतर ब्रशच धरला, पण एवढं कळतं की तुम्ही मनातलं बोललात आणि समोरचा हसला असं तुम्हाला वाटलं, तर ते लग्नानंतर सांगून भरून येत नाही.

भोक आपोआप बुजलं नाही. गेल्या आठवड्यात बारामतीला ऑपरेशन झालं. नाकातून दुर्बीण घालून खोली धुऊन काढली आणि गालाच्या आतलं मांस ओढून भोकावर शिवलं. आता आमच्या शेडमध्ये फक्त रंगाचा वास येतो. इतका चांगला वास असतो हे मी विसरलोच होतो.

आता पत्राचं कारण. काल तुमच्या वडिलांचा, आनंदरावांचा, फोन आला. मुलीचा होकार आहे म्हणाले. घरात पेढे आले. मी खाल्ला नाही. टाके आहेत हे एक कारण, दुसरं असं की, तुमचं स्वप्न ऐकून हसणाऱ्या मुलाला तुम्ही होकार कसा दिला, हे मला कळेना. तो तुमच्याकडून वदवून घेतला असेल तर मला नको. मी घरी सांगून टाकलंय की अबोलीचं स्वतःचं उत्तर येईपर्यंत तारीख काढायची नाही. बाबा माझ्याशी बोलत नाहीत आणि तात्या सगळ्यांशी बोलतात. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र माझी मामेबहीण ओवी, जी आयटीआयला तुमच्याच वर्गात आहे, तिच्या हाती देतोय. नकार असेल तर तिच्याजवळ नुसतं ‘नाही’ म्हणा, मी घरी माझ्या नावावर घेईन. आणि नकार असो वा होकार, तुमची पाटी मी रंगवायला घेतली आहे. निळ्यावर पिवळं. ‘अबोली ट्रॅक्टर गॅरेज’. नावापुढे आडनावाची जागा सोडलेली नाही. तशी गरज वाटली नाही, नुसतं नावच छान दिसतं. दोन आठवडे मला हसायला मनाई आहे, तेव्हा उत्तर गमतीचं असेल तर टाके निघाल्यावर पाठवा.

‘तुझाच’ लिहायला तुमची परवानगी नाही, म्हणून सध्या नुसताच,

शंभूराज