दुसऱ्या पिशवीतला श्वास

प्रिय मनस्वी,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तोंडाने बोलायला गेले तर तू मला मधेच गप्प करशील.

परवा तुझ्या प्रयोगाला माणसं कमी पडली म्हणून मी नेरूळला तुझ्या कॉलेजात आले. श्वास तपासून मनावरचा ताण ओळखायचा, हे ऐकून मला गंमतच वाटली होती. आधी तू मला विद्यार्थ्यांसमोर उभं करून हजारातून सतरा-सतरा वजा करायला लावलंस आणि पिशवीत फुंकायला सांगितलंस. तीस वर्षं उलव्याच्या शाळेत गणित शिकवलं, मला कसली भीती! मग शांत खोलीत बसवून, बासरी लावून, थोड्या वेळाने दुसरी पिशवी दिलीस.

काल आकडे आले. वजाबाकी करताना ताण जवळजवळ नाहीच, आणि बासरी ऐकताना दुप्पट. "आई, मशीन चुकलं असेल का हो?" तू विचारलंस. मी म्हणाले, "असेल."

मशीन चुकलं नव्हतं गं. मी बासरी ऐकत असताना तू दाराबाहेर फोनवर बोलत होतीस. तुझ्याबरोबर शिकवणारा, सीवूड्सला राहणारा तो निखिल होता पलीकडे. "लग्नाला माझं उत्तर 'नाही'च आहे. आईंना एकटं टाकून मी कशी येऊ?" असं म्हणालीस, पण फोन काही तुला ठेववेना. खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली, आणि तेवढ्यात तू पिशवी हातात दिलीस.

माझा प्रीतम गेला तेव्हा तुझे वडील तुला न्यायला आले होते. तू माझा हात धरून म्हणालीस, "मी इथंच राहते." तेव्हापासून चार वर्षं मी गावभर सांगत फिरले, ही सून नाही, लेक आहे माझी. लेक म्हटलं खरं, पण तिशीतल्या लेकीसाठी आई जे करते, ते मात्र केलं नाही.

म्हणून हे लिहितेय. निखिलला हो म्हण. मी एकटी पडेन, थोडी पडेनच. पण सीवूड्स काही लांब नाही, आणि लेकीकडे जायला आईला बोलावणं लागत नाही. त्याला रविवारी जेवायला बोलाव. जिताडा मी स्वतः बघून आणीन. मासे खातो ना तो, तेवढं विचारून ठेव.

तुझीच,
आई