ऐक्यदीपचा उचललेला भंडारा

३ नोव्हेंबर

बबनकाकांनी नाही म्हटलं. तालमीचे अध्यक्ष तेच, चहाची गाडीही तालमीच्या दारातच. मी एवढंच मागितलं होतं की आमच्या मुलींची फुटबॉल टीम जिल्ह्याच्या स्पर्धेत तालमीच्या, म्हणजे 'ऐक्यदीप'च्या नावानं उतरू दे. कुठल्यातरी क्लबचं नाव लागतंच, नुसत्या मुली म्हणून घेत नाहीत. जर्सी आम्ही बघू, बूट बघू. फक्त नाव.

काका पातेलं ढवळत होते. "नाव घे की. दारावर लाव, रिक्षावर लाव. पर ते नाव मैदानात जायाचं न्हाय."

"आता कुणाच्या लक्षात आहे काका ते?"

"मारुतीच्या हाय की."

चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणजे त्यांनाही वाईट वाटलं असावं.

५ नोव्हेंबर

क्लबचा इतिहास लिहून काढायचं ठरवलं आहे. बी.ए.ला तीन वर्षं इतिहास घेतला, दुसऱ्यांच्या लढाया पाठ केल्या. आपल्या पेठेचं काही नाही.

आज जमलं तेवढं: पेठेतलं प्रत्येक घर टीमला काही ना काही द्यायचं. कुणी दूध, कुणी अंडी, शिंप्यानं जर्सी. निळी, पांढऱ्या पट्ट्याची. गोव्याचे दोन खेळाडू सीझनपुरते तालमीच्या माडीवर राहायचे, त्यांना मॅचमागं मानधन. बाकी सगळे आपले. शिरोलीच्या फौंड्रीतून, सुतारकामावरून रजा काढून खेळणारे. पपा गोलकीपर.

मग ती फायनल. शेवटी शेवटी पंचांनी आपल्याविरुद्ध पेनल्टी दिली. टीम मैदान सोडून बाहेर आली. तालमीत मारुतीसमोर ताट मांडलं आणि पाच जणांनी भंडारा उचलला, म्हणजे मुठीत हळद घेऊन शपथ घेतली. पंच तालमीच्या दारात येऊन चूक झाली म्हणत नाहीत, तोवर ऐक्यदीपचा माणूस मैदानात पाय ठेवणार नाही.

पंच आले नाहीत. कशाला येतील. पुढं वारले.

म्हणजे आता कोण येणार? मी जन्मायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून ऐक्यदीप एक मॅच खेळलेला नाही. पेठेतली चांगली पोरं दुसऱ्या तालमींच्या जर्सीत गोल मारतात आणि आपली माणसं स्टेडियमवर बसून कुणासाठी ओरडायचं ते ठरवत राहतात. माडीवर कॅरम. कोपऱ्यात मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स.

८ नोव्हेंबर

वाट सापडली!

परत काकांकडं गेले होते. तिसऱ्यांदा गेल्यावर बोलले. "उचललेला भंडारा खाली ठेवता येतोय. ज्यांनी उचलला त्यांनीच, हायत तेवढ्यांनी, एका वेळी, त्याच ताटात." पाचातले दोघे आता नाहीत. उरले स्वतः काका, कॅप्टन दत्तामामा आणि पपा.

"तुम्ही ठेवाल?"

"मी काय, म्हातारा झालो. पोरीबाळी खेळत्यात, बरं वाटंल. दत्त्याला इचार आदी. त्यानं पयला हात घातलता."

दत्तामामा मुलाकडं कबनूरला असतात. मंगळवारी जाते. घरातलं तर काय, घरातच आहे.

११ नोव्हेंबर

कबनूर. मामा मुलाच्या यंत्रमागांजवळ खुर्ची टाकून बसले होते. सगळं ओरडून बोलायला लागलं.

"कोण पावणं?"

"कोल्हापूरची. वसंत गोलकीपरची मुलगी."

"वश्याची? बस बस. नाक तर तसलंच हाय."

भंडाऱ्याचं सांगितलं तर हसायलाच लागले. "अजून धरलाय व्हय त्यो? आगं, मी फुडच्याच वर्षी खेळलो की हितं. गल्लीच्या टीममधनं. पाय गप बसंनात, करणार काय?" येतो म्हणाले, कधीही सांग. निघताना विचारलं, "वश्या काय म्हनतोय?"

"त्यांना अजून विचारलं नाही."

मामांचं हसू गेलं. "मग उलट्या वाटंनं आलीस पोरी."

बसमध्ये सगळा वेळ तेच डोक्यात.

१२ नोव्हेंबर

पपा पहिली पाळी करून आले, जेवायला बसले. विचारलं.

"न्हाय."

भाकरी संपवली, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं आणि बाहेर गेले.

आईनं मग सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या फायनलनंतर महिन्याभरात पुण्याच्या एका कंपनीच्या टीमचं बोलावणं आलं होतं पपांना. कायम नोकरी, वर खेळायचं. आजोबांनी बॅग भरून दारात ठेवली होती. पपा म्हणाले, भंडारा उचललाय. दुसऱ्या आठवड्यात शिरोलीला मोल्डिंगला लागले. आज त्यांची दोन बोटं सरळ होत नाहीत, ती त्या कामानं. मी आजवर समजत होते, बॉल अडवून.

"लई बोललो मी त्यांस्नी, लगीन झाल्यावर," आई म्हणाली. "मग सोडलं. माणूस तेवढ्या एकाच गोष्टीवर उभा हाय, ती कशाला हलवायची?"

१५ नोव्हेंबर

आज मी वाईट वागले. म्हणजे खरं तेच बोलले, पण. पपांना सांगितलं की दत्तामामा पुढच्याच वर्षी कबनूरला खेळले. वाटलं, कळलं की राग येईल, आणि रागात तरी हातातून सोडतील.

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"खेळला त्याच आठवड्यात कळलं."

गोठ्यातनं काहीतरी आणायला निघालेला माणूस मध्येच विसरावा, तसे उभे राहिले जरा वेळ. मग चप्पल घातली.

१७ नोव्हेंबर

कळंब्याच्या माळावर सराव चालू असताना पलीकडच्या तालमीचा सचिव बुलेटवर आला. मुली त्यांच्या नावानं खेळवायच्या म्हणतो. जर्सी, बूट, प्रवास सगळं त्यांचं. पिवळी-काळी जर्सी. "ताई, पेठ घिऊन काय चाटायचीया? पोरी चांगल्या हायत, वाया घालवू नका." अट एकच, नंतर सोडून जायचं नाही.

मी विचार करून सांगते म्हटलं. वळून बघते तर मुली त्याच्या बुलेटमागून चालत जाऊन बुटांच्या साइज सांगत होत्या.

रागावले त्यांच्यावर. तनुजा, आमची गोलकीपर, म्हणाली, "ताई, आमी कुठं भंडारा उचललाय?"

तेव्हापासून वाटतंय, क्लब परत उभा करायचा म्हणते ती कुणासाठी? मुलींना नुसतं खेळायचं आहे. पेठेला आठवण पुरते. मग उरलं कोण, मीच.

२० नोव्हेंबर

आज बैठक. परवा दुपारपर्यंत स्पर्धेला नाव द्यायचं आहे.

दत्तामामा कबनूरहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. काकांनी गाडी बंद ठेवली. मारुतीसमोर तेच पितळी ताट, भंडारा नवा. मुली भिंतीला टेकून बसल्या, पहिल्यांदाच आत आल्या होत्या. दोघी-तिघी कपाटातल्या चषकांवर बोटानं आपली नावं लिहीत होत्या. धुळीत.

पपा येतील असं वाटलं नव्हतं. आले. पायरीपर्यंत. चप्पल काढली आणि पायरीवरच बसले, पाठ आमच्याकडं करून.

"आत ये की गा," काका.

"हाय ते बरं हाय."

मामा म्हणाले, "वश्या, आपुन दोघं-तिघं मेलो की ह्यो भंडारा कुणाच्या हातात ऱ्हायचा? उंदरांच्या?"

"तुझ्या हातात कधी हुता?"

मामा ताटाकडं बघत राहिले.

मी पायरीवर जाऊन शेजारी बसले. काही मागितलं नाही. पपा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझं बरोबर हाय. पर मी त्यो खाली ठिवला, तर एवढी वर्षं मी काय केलं? ते सांग. शिकल्यालीस न्हवं तू."

आईला उत्तर ठाऊक असावं, म्हणून तिनं बोलणं सोडलं.

काकांनी ताटावर फडकं टाकलं. "परवा दुपारपतूर झाकून ठेवतो," म्हणाले, "फुडचं फुडं." मामांची शेवटची बस होती.

२१ नोव्हेंबर

पपा कामावर गेले. नेहमीच्या बसनं. डबा नेला.

दुपारी त्या सचिवानं जर्सींचं पोतं आमच्या दारात टाकून दिलं, मी घरी नसताना. आईनं आत घेतलं नाही, परतही दिलं नाही. पायरीवर आहे.

पपा आले, पोत्याला वळसा घालून आत आले. चहा घेताना विचारलं, "गोलात कोण हुबं ऱ्हातंय तुमच्यात?"

"तनुजा. शिंप्याच्या घरातली."

"आधी उडी मारती काय? पेनल्टीला?"

"मारते."

"हं."

आणखी काहीतरी म्हणतील म्हणून मी कप हातात धरून बसले. त्यांनी पेपर उघडला.

आत्ता तनुजा येऊन गेली. पोत्याकडं बघितलं, दाराच्या आत पपांकडं बघितलं. हळू विचारलं, "ताई, जर्सी कुठल्या रंगाची मग?"

उद्या सांगते म्हटलं.