आरशातला उजवा हात

तीर्थरूप मामांना थोरल्या भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात हे मुद्दाम लिहिलं आहे. का ते पुढे कळेल.)

तुमचे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितलं आणि तुम्ही जिने सोडायच्या ऐवजी डॉक्टर सोडलात, असं मामींनी कळवलं. मामींचा खोकला थांबून बोलणं पूर्ववत सुरू झालं असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची भाचेसून रोज तुमची आठवण काढते, विशेषतः मी तिचं न ऐकता माझंच खरं करतो तेव्हा.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. त्यात एक शाबासकी आहे आणि एक तक्रार. शाबासकी अशी, की गेल्या महिन्यात तुम्ही अचानक आलात तेव्हा दुकानात कापलेले केस फार चांगले झाले, कानामागचं काम बघून मामीसुद्धा काही बोलल्या नाहीत, आणि शेवटी 'हात बसला हो एकदाचा!' हे वाक्य वाचून, खरं सांगतो मामा, मी दुखावलो. अठ्ठावीस वर्षं मी कात्री चालवतोय. ज्यांची झुडपासारखी दाट डोकी मी कापायला घेतली त्यांना आता टक्कल पडलं, आणि माझा हात आत्ता बसला? पण ते असो. तक्रार अशी, की तुम्ही जड पिशवी घेऊन दारात घामाघूम उभे होतात आणि मी उजवा हात अ‍ॅप्रनच्या खिशात घालून जमीनदारासारखा बघत राहिलो. तक्रार शंभर टक्के खरी आहे. तो खिसा तुमच्या भाचेसुनेने खास मोठा शिवलेला होता. त्यात माझा हात होता आणि हाताला प्लास्टर होतं. मनगट मोडलं होतं.

आता तुमच्या मनात ताबडतोब एक प्रश्न उभा राहील. त्याला तिथेच उभा राहू द्या, एवढ्यात बसायला खुर्ची देऊ नका. मी क्रमाने सांगतो.

त्याचं असं झालं, की तुमचे चिरंजीव, म्हणजे रस्त्यापलीकडचा आमचा डावऱ्या (हे नाव तुम्हीच ठेवलंत, मी फक्त चालवतो), यांनी दुकानाच्या पाटीला नवा रंग दिला. आमच्यात अकरा वर्षं बोलणं नाही हे तुम्हांला ठाऊकच आहे. तुम्ही तुमचं दुकान, खुर्ची आणि आरसा भाच्याला दिलात आणि पोटच्या पोराला 'उलट्या हाताने गिऱ्हाईक घाबरतं' म्हणून रस्त्यापलीकडे काढलंत, तेव्हापासूनच ते बंद आहे. बोलणं नसलं तरी पाट्या एकमेकींशी बोलतात. त्याची चकचकीत झाली म्हणून मी स्टुलावर स्टूल ठेवून माझी पुसायला चढलो. पुसता पुसता तो बघतोय का हे बघायला वळलो, तर तो बघत होता. पुढचं मला आठवत नाही, पण सगळ्या रस्त्याला आठवतं. पहिला धावत आला तो डावऱ्याच, एका हातात ब्रश, आणि मागून गालाला अर्धा फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईक. मी जमिनीवरूनच म्हणालो की मी मुद्दाम उतरलोय. त्याने सरळ रिक्षा थांबवली.

दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी सांगितलं की हात पाच आठवडे बंद राहणार, पण डोकं बंद ठेवायचं कारण नाही. तुमचंच काम करणारा दुसरा माणूस शोधा, रोज तासभर त्याचे हात बारकाईने बघा, मग डोळे मिटून तेच काम मनातल्या मनात आपल्या हाताने करा. कात्रीचं वजन, अंगठ्यातला दाब, पात्यांचा आवाज, सगळं आठवा. प्लास्टर निघाल्यावर हात अगदीच परका वाटणार नाही. मी म्हटलं बाई, हे शास्त्र आमच्या मामांनी कंगव्याने शिकवलंय! आठवतं ना मामा? पहिले सहा महिने कात्रीला हात लावायचा नाही, बाकावर बसायचं आणि डोळ्यांनी कापायचं. संध्याकाळी तुम्ही विचारणार, आज किती डोकी कापलीस, आणि आकडा चुकला की टपली. माझ्या शेजारी डावऱ्या बसायचा. बघता बघता त्याचा डावा हात गुडघ्यावर आपोआप चालायला लागायचा आणि तुमचा कंगवा बरोब्बर त्याच्या बोटांवर पडायचा. वर तुमची बढाई, की डोळे मिटून बसलो तरी कात्री कुणाच्या हातात आहे हे मी आवाजावरून सांगेन.

सुरुवातीला मी नुसता मनातला भागच करून पाहिला. घरी खुर्चीत डोळे मिटून मी एक अवघड डोकं घेतलं. तेवढ्यात तुमची भाचेसून समोर बसून तिच्या बहिणीकडच्या अडचणी सांगू लागली. मी कापता कापता मान हलवत होतो. त्या माना हलवण्यातून मी काय काय कबूल केलं ते मला चार दिवसांनी, मेव्हणी मुलांसकट राहायला आली तेव्हा समजलं. मग म्हटलं घर नको, बसमध्ये करू. पुढच्या सीटवर एक गृहस्थ, मानेवरचे केस कुणीतरी सूड घेतल्यासारखे कापलेले. मी मनात कापड बांधलं, पाणी मारलं, उजवी बाजू छान उतरवली. डावीकडे आलो आणि तोंडून जोरात निघून गेलं, 'जरा मान खाली घ्या.' मामा, त्या गृहस्थांनी घेतली हो! शेजारच्या दोघांनीही घेतली. आपल्या धंद्याच्या आवाजाला माणूस कुठेही मान देतो. पण वर बघितल्यावर त्यांना माझं प्लास्टर स्वतःच्या कानाशेजारी हवेत फिरताना दिसलं आणि कंडक्टरने मला दोन थांबे आधीच उतरवलं.

म्हणजे बघायला खरा कारागीर हवा होता. आणि चालत जाण्याच्या अंतरावर कारागीर एकच. तीन दिवस मी मानापमानाचा विचार केला. चौथ्या दिवशी प्लास्टरबाहेरचं एक बोट वळेना, तेव्हा मानापमान गुंडाळला. खरं सांगायचं तर भीती वाटली मामा. पाटी पुसताना पडल्याचं हसू येतं, पण रोज सकाळी दुकान उघडून रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो की आपला हात परत येणारच नाही असं वाटायचं आणि हसू येत नसे.

'आमच्याकडे आज पेपर आला नाही,' असं भिंतीला उद्देशून म्हणत मी डावऱ्याच्या बाकावर जाऊन बसलो. एका हाताने पेपर धरला आणि वरून बघू लागलो. पण कसलं काय! त्याचा हात डावा. माझ्या डोक्यात उजवा हात चालू करावा तर तो उलट्या दिशेने निघे, कंगवा कात्रीत अडके, मनातल्या मनात मी दोन गिऱ्हाइकांचे कान कापले. डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी डावऱ्या गिऱ्हाईक सोडून आला, माझ्या हातातल्या पेपरचं पान उलटलं आणि परत गेला. (तासभर मी एकच पान वाचत होतो हे त्याच्या लक्षात आलं असावं.) पाचव्या दिवशी मी नकळत पुटपुटलो, आता कंगवा उभा धर. अकरा वर्षांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. 'दादा, केस मी कापतोय ना?'

मी शरमून मान वर केली आणि समोर आरसा होता. मामा, आरशात त्याची कात्री उजव्या हातात होती. आरशाने त्याला सरळ करून ठेवलं होतं! करंगळी जरा वर, मनगटाला तो छोटासा झोल, कानाशी आल्यावर श्वास रोखून पाती अर्धीच उघडायची. तो तुमचा हात होता. तिशी-पस्तिशीतला, आपल्या दुकानाच्या जुन्या दिवसांतला. मी बाकावर बसून तोच बघत शिकलो होतो आणि तो पुन्हा माझ्यासमोर चालत होता. माझे डोळे भरून आले. मी सांगितलं की केस उडून डोळ्यांत गेले, आणि नंतर रोज बाकाच्या डाव्या टोकाला बसायला लागलो, कारण तिथून आरसा चांगला दिसतो.

पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून शाळेचे हेडमास्तर आले. हात बारीक झाला होता, पण कात्री धरली आणि तो चालला मामा! जरा कापत, जरा अडखळत, पण वाट न विसरता चालला. मी इतका हरखलो की हेडमास्तरांना चष्मा परत देताना आरसा दाखवायचंही विसरलो. तेही घाईत होते, आरशात न बघता गेले. शाळेच्या दारात रखवालदाराने त्यांना कुणाला भेटायचंय असं विचारलं. चाळीस वर्षं डावीकडे असलेला त्यांचा भांग मी उजवीकडे पाडला होता. पुढच्या दोन दिवसांत पोस्टमास्तर, फळवाला आणि कोपऱ्यावरचे वकील यांचेही भांग उजवीकडे गेले. वकील म्हणाले की पक्षकार विश्वास ठेवेनासे झालेत.

हेडमास्तर दाद मागायला समोर डावऱ्याकडे गेले. त्याने भांग एकदा पाहिला आणि खुर्चीला धरून हसत सुटला. रस्ता ओलांडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'दादा, तू माझ्याकडे नाही, आरशात बघत होतास!' मग एकदम हसायचा थांबला. म्हणाला, 'म्हणजे तुलापण उजवाच हात लागतो तर.' मग मी त्याला सांगितलं, आरशात मला कोण दिसलं ते. तो बराच वेळ माझ्या खुर्चीचं कातडं डाव्या अंगठ्याने घासत राहिला आणि मग निघून गेला.

असो. पत्र फार लांबलं. मामींना नमस्कार सांगा, गुडघ्यांना तेल लावत जा आणि लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. नव्या हाताचं हे पहिलंच लांब पत्र आहे.

तुमचा भाचा

ता. क. आता तो प्रश्न. ज्याच्या हाताला प्लास्टर होतं त्याने तुमचे केस कापले कसे? कापले नाहीत. तुम्ही आलात ते नेमके तिसऱ्या आठवड्यात. खरं सांगायची छाती झाली नाही, कारण पोटच्या मुलाला बाजूला सारून ज्या हाताला तुम्ही दुकान दिलंत, तोच हात मी मोडून घेतला होता. तुम्ही खुर्चीत बसलात, भाचेसुनेने कापड बांधलं आणि नेहमीप्रमाणे तुम्ही घोरायला लागलात. मी तिला रस्त्यापलीकडे पिटाळलं. डावऱ्या चपला बाहेर काढून मांजरासारखा आत आला, त्याने तुमचे केस कापले आणि तुम्ही डोळे उघडायच्या आत निघून गेला. मामींनीसुद्धा नाव न ठेवलेलं कानामागचं काम त्याचं आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा खरी विनंती अशी, की या खेपेला थेट त्याच्या दुकानात जा. त्याच्या खुर्चीत बसा, जागे राहा आणि आरशात न बघता त्याचा हात बघा. जागेपणी तुम्ही आयुष्यात एकदाही त्याच्या कात्रीखाली बसला नाहीत, असं तो म्हणत नाही, पण मी एवढे दिवस त्याच्या बाकावर काढले आहेत, मला ते कळतं.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवणार एवढ्यात डावऱ्या येऊन गेला. त्याने आजवर कुणाला न सांगितलेलं एक सांगितलं. त्या दिवशी तो तुमच्या उजव्या कानाशी आला तेव्हा घोरणं थांबलं होतं आणि त्याने न सांगता तुम्ही मान बरोबर वाकवून दिलीत. मामा, झोपलेला माणूस मान वाकवत नाही. शिवाय डोळे मिटून कात्रीचा हात ओळखणारे तुम्ही! मी तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'हात बसला हो एकदाचा.' अठ्ठावीस वर्षांच्या कारागिराला असं कुणी लिहीत नाही. मी उगाच दुखावलो, ते वाक्य मला नव्हतंच. पण मामा, पत्ता चुकलाय, दुकान समोरचं आहे. तेव्हा लवकर या. या खेपेला पिशवी मी उचलतो, फक्त ती कुठल्या दुकानात नेऊन ठेवायची तेवढं त्याला कळवा.