मोटारसायकल माझ्या नावावर

आप्पा, मी मोटारसायकल घेते आहे. स्कूटर नाही, मोटारसायकल. साडेतीनशे सीसीची, गिअरची, मागं दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावता येतील अशी. तुम्ही असतात तर हातातला पेपर खाली ठेवला असतात, चष्मा कपाळावर सरकवला असतात आणि आईला विचारलं असतंत, "ही काय बोलतेय गं?" मला नाही, आईला. माझ्याबद्दलचं सगळं तुम्ही आईलाच विचारायचात. आता आई नाही, तुम्ही तर तिच्याही आधी गेलात, आणि मी नोकरीतून निवृत्त झाले. म्हणून एकदा थेट तुमच्याशीच बोलते.

भिवपुरीच्या पॉवरहाऊस कॉलनीत मोटारसायकल असलेली क्वार्टरं मोजकीच होती, त्यात आपलं एक. सुट्टीच्या सकाळी तुम्ही गाडी व्हरांड्यातून खाली घेता, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. टाकीत एक बारीक काठी बुडवून पेट्रोल किती उरलंय ते बघता. घाटातून खोपोलीला उतरताना इंजिन बंद करून गाडी नुसती सोडता आणि खाली पोचल्यावर कुणाचं तरी पाकीट मारल्यासारखे हसता. भाऊ मिसरूड फुटायच्या आतच कॉलनीच्या मैदानावर गाडी शिकला. तुम्ही मागं धावत होतात, "क्लच सोड रं, हळू सोड!" मी पायरीवर बसून तांदूळ निवडत होते. तांदळात खडे राहून गेले, पण क्लच कधी दाबायचा आणि गिअर कुठल्या पायाने टाकायचा, हे मला भावाच्या आधी कळलं होतं. एकदा मी म्हणाले, "आप्पा, मला पण शिकवा ना." तुम्ही म्हणालात, "तुला कशाला गं? तू मागं बसायचं शिक. एका अंगाला पाय सोडून, पदर आवरून." मी तेव्हा फ्रॉकमधून नुकतीच बाहेर पडले होते. पदर कुठला आलाय?

मग तो दिवस. मी सोळा वर्षांची. तुम्ही पॉवरहाऊसमध्ये ड्यूटीवर, भाऊ खोपोलीला मॅच खेळायला गेलेला. मागच्या अंगणात सरपण रचलेलं होतं, त्यातलं लाकूड ओढताना आईला फुरसं चावलं. तिनं आरडाओरडा केला नाही. घरात आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "जनावर लागलं गं मला." शेजारच्या मावशी, त्या पोशीरच्या, धावत आल्या. त्यांनी नवऱ्याला पॉवरहाऊसकडे पळवलं, पण बदली माणूस आल्याशिवाय मशिन सोडून तुम्हाला निघता येत नव्हतं. एसटी नुकतीच गेली होती. व्हरांड्यात मोटारसायकल उभी होती. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तुला येते का ही?"

"येते," मी म्हणाले. तोवर मी ती एकदाही चालवली नव्हती.

मावशींनी दोरीवर वाळत घातलेलं लुगडं ओढलं आणि आईला माझ्या पाठीला बांधलं, तान्हं बाळ बांधतात तसं, करकचून. "आता पडलात तर दोघी पडाल," त्या म्हणाल्या. "जा." मी किका मारत राहिले, कितव्या किकेला गाडी चालू झाली देव जाणे. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारून निघाली. कर्जतपर्यंत मी तिसऱ्या गिअरच्या पुढं गेले नाही, कारण हँडलची पकड ढिली करायची भीती वाटत होती. आईची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकलेली. ती सारखी म्हणत होती, "हळू नको चालवू गं. पाय पेटलाय माझा." रस्त्याच्या कडेनं लोक उभे राहून बघत होते. सरकारी दवाखान्याच्या दारात मला गाडी थांबवता आली नाही, म्हणून मी ती कुंपणाच्या मेंदीत घातली. वॉर्डबॉयनं कात्रीनं लुगडं कापून आईला सोडवलं. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेवर आणलंस बाळ." माझी पोटरी सायलेन्सरला लागून सोलून निघाली होती, ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही आलात ते ड्यूटीच्या कपड्यांत, घामानं निथळत. आधी आत गेलात. आईच्या उशाशी उभे राहिलात, तिचं कपाळ चाचपलंत. मी दारातून बघत होते आणि मला वाटत होतं, आता बाहेर येऊन आप्पा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. तुम्ही बाहेर आलात आणि विचारलंत, "गाडी कुणी आणली?"

"मी."

"कुणी बघितलं?"

"सगळ्यांनीच बघितलं, आप्पा."

"उद्या तुला कोण करून घेईल? कळतं का काही? बाईमाणूस हाय तू!" तुम्ही एरवी ऑफिसातल्यासारखं बोलायचात. चिडलात की गावाकडची बोली यायची.

बाकी सगळं मी समजून घेतलं असतं. तुम्ही घाबरला होतात, बायको मरता मरता वाचली होती. दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवर जाताना तुम्ही गाडीचा प्लग काढून खिशात न्यायला लागलात, तेही एक वेळ ठीक. पण त्या दिवशी संध्याकाळीच कॉलनीतले लोक चौकशीला आले, तेव्हा तुम्ही भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "पोरगा होता म्हणून आज वाचली." तो बॅट हातात घेऊन उभा होता, खोपोलीहून नुकताच आलेला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली. मी पोटरीला बर्नॉल लावत होते.

ती गोष्ट तुम्ही पुढं आयुष्यभर तशीच सांगितलीत. पाहुण्यांना, सोयऱ्यांना, माझ्या सासरच्यांना. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. नातवंडांना सांगायची वेळ आली तोवर तिच्यात पूरही आला होता आणि भाऊ मोटारसायकल पाण्यातून काढत होता. आई तुमच्यासमोर कधी काही बोलली नाही. फक्त एकदा, मी बाळंतपणाला आले होते तेव्हा, भाकरी थापता थापता म्हणाली, "मला ठावं हाय मी कुणाच्या पाठीला बांधलेली होते ते." आणि भाकरी उलटली. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं मला सगळे सांगतात. मी धरते. माझी अब्रू राखायला तुम्ही हे केलंत, असंही सांगतात. माझी अब्रू त्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये कर्जतला पोचली होती, आप्पा. तिला कुणी राखायची गरज नव्हती.

नर्सची नोकरी धरल्यावर मी स्कूटर घेतली आणि सगळी हयात डोंगरातल्या ठाकरवाड्यांमधून लसी घेऊन फिरले. पावसात, चिखलात, जिथं रस्ता संपतो तिथं गाडी लावून पायी. माझ्या मागं बसून किती बाळंतिणी खाली आल्या, त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही की बाईमाणूस कसं चालवतं. आता मला माझ्यासाठी फिरायचं आहे. समुद्राच्या कडेकडेनं गोव्यापर्यंत, तिथून हंपी, मग जमलं तर आणखी खाली. पेन्शनीत बसेल असं. म्हणून गाडी नीट पारखून घेतली. दीडशेची हलकी आहे, पण पेट्या भरून घाट चढताना धापा टाकते. दोन सिलिंडरच्या मोठ्या गाडीवरही बसून बघितलं. आवाज झकास, पण पेट्रोलही तसंच पिते आणि वाळूत आडवी झाली तर मला उठणार नाही. साडेतीनशेची मधली. एका टाकीत साडेचारशे किलोमीटर आरामात जाते. पेट्रोल किती आहे आणि किती लांब पुरेल, ते समोर आकड्यात दिसतं. काठी लागत नाही. किकही नाही, बटण आहे. उतारावर इंजिन बंद केलंत तर गाडी धरून ठेवायला नुसते ब्रेकच उरतात, तेव्हा ते करायचं नाही. तुम्हाला ही गाडी आवडली असती. तेच मला जास्त झोंबतं.

खोपोलीच्या शोरूममधला सेल्समन म्हणाला, "सरांसाठी का, मॅडम?" मी म्हणाले, "सर बाहेर चहा पितायत. गाडी मला पाहिजे." तो मला स्कूटर दाखवायला घेऊन निघाला. मी जागची हलले नाही. शेवटी चावी दिली त्यानं, आणि मी पळसदरीपर्यंत जाऊन आले. पाचव्या गिअरमध्ये, आप्पा.

घरच्यांनी मला समजवायला भावाकडे बोलावलं. माझा मुलगा, सून, भावाच्या मुली, सगळे जमले. वय काढून झालं, गुडघे काढून झाले. माझा नवरा तेवढा म्हणाला, "तिला जाऊ द्या. मी मात्र मागं बसणार नाय, माझी कंबर मोडंल." मग भाऊ बोलायला लागला, तोंडात बसलेल्या सवयीनं. "अगं, मोटारसायकल म्हणजे खेळ नाय. आईला साप चावला तेव्हा मी नेली ना, तेव्हा माझी पण..."

"तू मॅच खेळत होतास," मी म्हणाले.

भावाची धाकटी म्हणाली, "म्हणजे?" मी उठले नाही, आवाजही चढवला नाही. पोशीरच्या मावशी, लुगडं, मेंदीचं कुंपण, सगळं सांगितलं, पहिल्यापासून. भाऊ ताटलीतल्या चिवड्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आप्पा सांगायचे. मग मी पण सांगत गेलो. नंतर नंतर मला खरंच वाटायला लागलं." आणि उठून गॅलरीत गेला. जेवायलाही आला नाही. मला वाटलं, आता भाऊ तुटला. तुटला तर तुटला, असं म्हणत मी घरी आले. परवा त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. एवढंच, "सीटची उंची बघितलीस का? दोन्ही पाय टेकले पायजेत. आणि हेल्मेट स्वस्तातलं घेऊ नको." मी म्हणाले, बघितली. त्यानं फोन ठेवला. आज बुकिंग केलं. कागदावर नाव माझं, सही माझी.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. फाडूनही टाकणार नाही. फक्त एक राहिलं. गाडी मेन स्टँडवर चढवणं मला अजून एकटीला जमत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्या सेल्समननं मागून उचलली. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण आता तुम्ही ते कुणाला वेगळं करून सांगू शकत नाही.